पेट्रोल ब्रेकमध्ये जातं: गाडीचं ॲव्हरेज वाढवायचं असेल तर काय करायचं

ॲव्हरेज वाढवायचं म्हटलं की बहुतेक जण आधी काहीतरी विकत घ्यायला बघतात, टाकीत टाकायची बाटली, फ्युएल लाइनला लावायचं मॅग्नेट, महागातलं पेट्रोल, नाहीतर थेट नवीन गाडीच. खरं सांगायचं तर यातलं काहीही न घेता, आहे त्याच गाडीत आणि आहे त्याच रस्त्यावर बऱ्यापैकी इंधन वाचतं, फक्त ते कुठे जातंय हे एकदा नीट कळायला हवं. माझं मत विचाराल तर आपल्याला वाचवता येण्यासारखं इंधन शहरात सगळ्यात जास्त वाया जातं ब्रेकमध्ये. हो, ब्रेकमध्येच, इंजिन वगैरे नंतर.

पण त्याआधी एक काम करा, गाडी आत्ता नक्की किती देते ते मोजा. डॅशबोर्डवर जो आकडा दिसतो तो बऱ्याच गाड्यांत थोडा फुगवलेला असतो त्यामुळे त्याच्यावर जाऊ नका. पद्धत जुनीच आहे, टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप कट झाला की तिथेच थांबायचं (राउंड फिगर करायला वरून अजून थोडं थोडं भरत बसायचं नाही), ट्रिप मीटर झिरो करायचा, मग नेहमीसारखी गाडी चालवायची, आणि टाकी बऱ्यापैकी खाली आली की परत तसंच ऑटो कटपर्यंत भरायचं. समजा ट्रिप मीटरवर ४२० किलोमीटर झाले आणि दुसऱ्यांदा २८ लिटर बसलं तर ॲव्हरेज १५. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, कारण नोझल कधी लवकर कट होतो कधी उशिरा, आणि एखादी टाकी नेमकी ट्रॅफिकमध्येच संपते. तीन-चार टाक्यांची सरासरी काढा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. हे करायला कंटाळा येतो मान्य आहे, पण नाही केलं तर पुढचं सगळं नुसतं वाटण्यावर चालतं, आणि वाटण्याचं असं आहे की ज्याने बाटली विकत घेतलीय त्याला फरक पडल्यासारखं वाटतंच.

इथे एक गंमत सांगतो. एका गाडीचं ॲव्हरेज १० वरून १२ झालं आणि दुसरीचं २० वरून २२, तर वाढ दोघांची सारखीच दिसते, २ किलोमीटर. पण १०० किलोमीटरला लागणारं इंधन काढून बघा, पहिलीला आधी १० लिटर लागायचं आता ८.३, म्हणजे पावणेदोन लिटरच्या जवळपास वाचलं, आणि दुसरीला ५ च्या जागी ४.५५, म्हणजे अर्धा लिटरसुद्धा नाही. म्हणून घरात दोन गाड्या असतील तर जी जास्त पिते तिच्याकडे आधी लक्ष द्या, आणि शक्य तिथे जास्त फिरणं कमी पिणाऱ्या गाडीने करा.

ब्रेकचं गणित

आता मुद्द्यावर येऊ. १२०० किलोची गाडी (माणसं धरून) ताशी ६० ला आणायची तर तेवढी ऊर्जा तिच्यात भरावी लागते. पेट्रोलमधली साधारण पाव ऊर्जाच चाकापर्यंत पोचते, बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन निघून जाते, तर त्या हिशेबाने उभ्या गाडीला ६० ला न्यायला अंदाजे २० मिली पेट्रोल लागतं, म्हणजे चार छोटे चमचे. तुम्ही ६० ला पोचलात आणि समोर लाल सिग्नल दिसला म्हणून ब्रेक दाबून उभे राहिलात की ते चार चमचे ब्रेक डिस्क गरम करण्यात गेले. परत निघायचं तर परत चार चमचे. दहा किलोमीटरच्या रस्त्यात हे दहा वेळा झालं तर २०० मिली गेलं, आणि पंधराचं ॲव्हरेज देणारी गाडी दहा किलोमीटरला एकूण साडेसहाशे-पावणेसातशे मिली पिते, त्यात हे किती मोठं आहे ते बघा. आणि हे वेगाच्या वर्गाने वाढतं, ३० वरून थांबलात तर ६० च्या मानाने पावच वाया जातं, दुप्पट वेग चौपट नुकसान.

तर करायचं काय? ब्रेक मारायचाच नाही असं अजिबात नाही, गरज असेल तिथे जोरात मारा, लाख वेळा मारा. करायचं हे की ब्रेकची गरजच कमी पडेल अशी गाडी चालवायची. नजर पुढच्या गाडीच्या बंपरवर चिकटवून न ठेवता तिच्याही पुढच्या तीन-चार गाड्यांवर ठेवा. सिग्नल लांबून लाल दिसला तर तिथपर्यंत रेस देत जाण्यात काय अर्थ आहे, तुम्ही लवकर पोचून तिथेच उभे राहणार. पाय उचला, गाडी गिअरमध्येच राहू द्या, ती स्वतःहून हळू होत जाईल आणि पुष्कळदा तुम्ही पोचेपर्यंत सिग्नल सुटलेला असतो आणि गाडी पूर्ण थांबवावी लागतच नाही. २० वरून परत ६० ला जायला शून्यापासून जाण्यापेक्षा कमी लागतं, आणि क्लचही वाचतो.

पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. अंतर असलं की तिने ब्रेक मारला तरी तुम्हाला नुसता पाय उचलून भागतं. हो, मधल्या जागेत कोणीतरी घुसतो, घुसू दे, त्याने तुमचे दोन सेकंद जातात, त्याच्यावर चिडून रेस दिली तर त्यापेक्षा जास्त जातं. मागचा हॉर्न वाजवतो तेव्हा मात्र थोडा धीर लागतो.

पाय उचलण्याबद्दल एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. इंजेक्शनवाल्या गाड्यांत (म्हणजे आता रस्त्यावर असलेल्या जवळपास सगळ्याच) गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आयडलपेक्षा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतं त्यापेक्षा, बऱ्यापैकी वर असले की कॉम्प्युटर इंधन बंदच करून टाकतो. चाकं इंजिनाला फिरवत राहतात, पेट्रोल शून्य. म्हणजे उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवतो म्हणणारा खरं तर उलटं करत असतो, न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःला चालू ठेवायला इंधन प्यावं लागतं. हा सल्ला कार्ब्युरेटरच्या (इंजेक्शन यायच्या आधी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जमान्यातला आहे, तेव्हा तो थोडाफार बरोबर असेलही, पण तेव्हाही धोक्याचाच होता कारण इंजिन ब्रेकिंग जातं, ब्रेक तापतात आणि उतारावर ब्रेक तापून धरेनासे झाले की मग काय होतं ते सांगायला नको. आणि उतारावर इंजिनच बंद करणं हा तर शुद्ध वेडेपणा, पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर (पेडल हलकं करणारी मदत) दोन-तीन वेळा दाबल्यावर संपतो, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

निघताना काय

इथे लोक दोन टोकं गाठतात. एक म्हणजे सिग्नल सुटला की पिस्तूल उडाल्यासारखे पळतात, त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. दुसरे म्हणजे पेट्रोल वाचवायचं म्हणून इतकं हळू हळू वेग वाढवतात की गाडी अर्धा किलोमीटर खालच्या गिअरमध्येच रडत राहते. दोन्ही चुकीचं. इंजिनाला कमी आरपीएम आणि बऱ्यापैकी लोड आवडतो, त्यामुळे मध्यम जोर देऊन पटकन वरचे गिअर टाकत जायचं आणि हव्या त्या वेगाला पोचलं की पाय हलका करायचा. पेट्रोल गाडीत साधारण २००० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान आणि डिझेलमध्ये त्याहून थोडं आधीच पुढचा गिअर टाका. पण गाडी थरथरायला लागली, आतून खटखट आवाज आला किंवा पाय दाबूनही जागची हलेना, तर गिअर जास्त वरचा झालाय, एक खाली घ्या. चढावर टॉप गिअरमध्ये इंजिनाचा जीव काढून काही वाचत नाही.

ऑटोमॅटिक असेल तर पाय जरासा सैल केला की बहुतेक गिअरबॉक्स वरचा गिअर टाकतात, थोडी सवय झाली की जमतं. इको मोड असेल तर लावून ठेवा, तो मुख्यतः ॲक्सिलरेटर थोडा सुस्त करतो, म्हणजे तुमच्या पायाला लगाम घालतो. हाफ क्लचवर चढावर गाडी रोखून धरणं बंद करा, हँडब्रेक त्यासाठीच आहे.

हायवेवर वेग

शहरात ब्रेक, तसा हायवेवर वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० ला गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो, आणि १२० ला सव्वादोन पट. वेळ किती वाचतो ते पण बघा, १०० किलोमीटर जायला ८० ने सव्वा तास आणि १०० ने एक तास, बरोबर पंधरा मिनिटं. १०० वरून १२० केलं तर अजून फक्त दहा मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर, जो मिळत नाही, मधे टोल, ट्रक, वळणं सगळं येतं आणि मग परत ब्रेक. बहुतेक गाड्या टॉप गिअरमध्ये ५० ते ८० च्या मधे सगळ्यात कमी पितात आणि ८० च्या पुढे आकडा घसरायला लागतो. म्हणून ८० च्या वर जाऊच नका असं म्हणत नाही, घाई असते कधी कधी, पण घाई नसताना १२० ने जाऊन मग ढाब्यावर अर्धा तास बसायचं असेल तर ते पैसे तुम्हीच फेकताय. आणि वेगवान लेनमध्ये ६० ने रांगत सगळ्यांना अडवायचं असाही याचा अर्थ नाही.

क्रूझ कंट्रोल सपाट रस्त्यावर चांगलं काम करतं कारण माणसाचा पाय नकळत कमीजास्त होत राहतो. घाटात मात्र बंद ठेवा, चढ आला की ते वेग टिकवायला भरमसाट रेस देतं. चढावर वेग थोडा पडू द्या आणि उतारावर आपोआप परत घ्या.

ट्रकच्या मागे चिकटून गेलं की वारा कमी लागतो हे खरं आहे. तरीही करायचं नाही. फायदा जाणवायला जितकं जवळ जावं लागतं तितक्या अंतरात ट्रकने ब्रेक मारला तर तुम्हाला वेळच मिळणार नाही.

डोक्यावरचं कॅरिअर किंवा बॉक्स लागत नसेल तेव्हा काढून ठेवा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेले आकडे आहेत, मोठ्या बंद रूफ बॉक्समुळे शहरात २ ते ८ टक्के आणि हायवेला ताशी १०० च्या वरच्या वेगाला १० ते २५ टक्क्यांपर्यंत मायलेज पडतं. सुट्टीत एकदा लावलेला बॉक्स वर्षभर डोक्यावर घेऊन फिरणारे लोक बघितले की वाईट वाटतं. सामान डिकीत बसत असेल तर डिकीतच टाका.

डिकीतल्या वजनाचा परिणाम त्यामानाने कमी आहे, साधारण ४५ किलोला १ टक्का, छोट्या गाडीत थोडा जास्त. तरी जुनी पुस्तकं, पाण्याचे कॅन, कधीतरी लागेल म्हणून टाकलेली हत्यारं, हे काढा एकदा. स्टेपनी आणि जॅक काढू नका, वाचवायच्या नादात रस्त्यावर अडकाल.

गाडी उभी, इंजिन चालू

छोटं पेट्रोल इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पितं, इंजिन मोठं असेल किंवा एसी चालू असेल तर जास्त. त्या वेळचं ॲव्हरेज शून्य. आताच्या गाडीत इंजिन बंद करून परत सुरू करायला जेवढं लागतं ते दहाएक सेकंदांच्या आयडलिंगपेक्षा जास्त नसतं, त्यामुळे कोणाची वाट बघताय, फाटक लागलंय, सिग्नलला नव्वद सेकंद बाकी दिसतायत, तर बंद करा सरळ. स्टार्ट-स्टॉप असेल तर ते बटण दाबून बंद करायची सवय सोडा, त्या गाड्यांची बॅटरी आणि स्टार्टर त्यासाठीच जास्त दणकट दिलेले असतात. मात्र मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये दर दोन मीटरला बंद-चालू करत बसू नका, आणि बॅटरी आधीच म्हातारी असेल तर तिचीही दया करा. टर्बो गाडी हायवेवर जोरात पळवून आणली असेल तर थांबल्यावर अर्धा-एक मिनिट चालू ठेवणं ठीक आहे, तिथे कंजूषी नको.

सकाळी गाडी गरम करायला पाच-पाच मिनिटं उभी ठेवणं हेही जुन्या जमान्यातलं. सुरू करा, बेल्ट लावा, आरसे बघा, तेवढ्यात ऑइल वर पोचतं, आणि मग पहिले काही किलोमीटर हळू चालवा. उभ्या इंजिनापेक्षा चालणारं इंजिन लवकर गरम होतं.

एसी

एसी लावायचा की काच उघडायची यावर लोक तावातावाने भांडतात. गावात हळू चालवताना काच, हायवेला काचा बंद करून एसी, इतकं साधं आहे, कारण वेगात उघड्या काचेमुळे हवेचा विरोध वाढतो. कडक उन्हात आणि छोट्या फेऱ्यांत एसी मायलेज पाव भागापर्यंत खाऊ शकतो, कारण तापलेला डबा थंड करायलाच सगळा जोर लागतो. म्हणून उन्हातून गाडी काढताना आधी एक-दोन मिनिटं काचा खाली करून चालवा, गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा वर, एसी चालू आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबा. सावलीत पार्किंग मिळत असेल तर थोडं चालावं लागलं तरी घ्या, पुढच्या काचेला पडदा लावा. आणि गारठून स्वेटर घालायची वेळ येईल इतकं तापमान कमी ठेवू नका, हे सांगायला लागतं याचंच आश्चर्य वाटतं.

टायरमधली हवा

हे सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. हवा किती भरायची हे ड्रायव्हरच्या दारामागच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि पुढच्या-मागच्या टायरचा आकडा वेगळा असू शकतो, गाडी भरलेली असताना अजून वेगळा. टायरच्या अंगावर जो आकडा छापलेला असतो तो जास्तीत जास्त किती सहन होईल याचा आहे, तेवढी भरायची नसते, हे पंपावरच्या पोराला पण कित्येकदा सांगावं लागतं.

हवा टायर थंड असताना बघायची, म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी असेल किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चालली असेल तेव्हा. चालवून टायर तापला की प्रेशर वाढलेलं दिसतं, आणि मग तुम्ही जास्त आहे म्हणून सोडली की थंड झाल्यावर कमी पडते. बाहेरचं तापमान साधारण साडेपाच-सहा डिग्रीने उतरलं की प्रेशर एक पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं माप) उतरतं, शिवाय चांगला टायरसुद्धा महिन्याला एखाद-दोन पीएसआय सोडतोच, त्यामुळे थंडी सुरू झाली की पंक्चर नसतानाही टायर बसल्यासारखे दिसतात. महिन्यातून एकदा बघा आणि लांब जायच्या आधी बघा. स्वतःचा गेज घ्या, फार महाग नसतो, सगळ्या पंपांवरचे गेज बरोबर असतातच असं नाही. स्टेपनीतली हवा पण बघा, तिची आठवण फक्त पंक्चर झाल्यावर येते.

आता खरं सांगायचं तर नुसत्या हवेने ॲव्हरेज फार उडी मारत नाही, चारही टायरमध्ये १ पीएसआय कमी असेल तर साधारण ०.२ टक्के फरक पडतो, म्हणजे आठ-दहा पीएसआय कमी असतील तेव्हा दोनेक टक्के. पण कमी हवेत टायरच्या कडा लवकर झिजतात, टायर तापतो, वेगात फुटण्याचा धोका वाढतो, म्हणजे इंधनात वाचतं त्याच्या कितीतरी पट टायरमध्ये वाचतं. आणि ॲव्हरेज वाढेल म्हणून सांगितल्यापेक्षा जास्त ठोसायची नाही, मधला पट्टा झिजतो आणि पकड कमी होते.

टायर बदलायचे असतील तर रुंद टायर आणि मोठे अलॉय दिसायला भारी असले तरी ॲव्हरेज खातात. कंपनीने दिलेली साइझ ठेवा, आणि कमी रोलिंग रेझिस्टन्सवाले (फिरताना कमी अडणारे) मिळत असतील तर विचारा.

गॅरेजमध्ये काय बघून घ्यायचं

चेक इंजिन लाइट लागलाय आणि गाडी चालतेय म्हणून सोडून देऊ नका. ऑक्सिजन सेन्सर खराब झाला तर कॉम्प्युटरला मिश्रणाचा अंदाज येत नाही आणि तो जास्त इंधन ओतत राहतो, अशा गंभीर बिघाडात दुरुस्तीने ४० टक्क्यांपर्यंत फरक पडल्याचं सांगितलं जातं. तेवढा प्रत्येकाला पडेल असं नाही, पण दिव्यावर चिकटपट्टी लावण्यापेक्षा स्कॅनर लावून कोड काढून घेणं कधीही स्वस्त.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकला तर इंजिन कधी पूर्ण गरमच होत नाही, कॉम्प्युटर त्याला थंड समजून जास्त इंधन देत राहतो. तापमानाचा काटा पंधरा-वीस मिनिटांनंतरही खालीच राहत असेल तर मेकॅनिकला हे नक्की सांगा, गाडी तापत नाही म्हणून खूश होऊ नका.

ब्रेक जॅम होणं हे अजून एक, आणि हे तुम्ही स्वतः पकडू शकता. थोडी गाडी चालवा, शेवटी शक्यतो ब्रेक न मारता हळू होत थांबा, आणि खाली उतरून प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या, हात लावू नका, चटका बसेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त गरम लागलं, किंवा त्या बाजूने जळका वास आला, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये. दुसरं म्हणजे सपाट जागी, आजूबाजूला कोणी नसताना, न्यूट्रलमध्ये हँडब्रेक सोडून गाडी ढकलून बघा, छोटी गाडी एका माणसाने हलायला पाहिजे. हलत नसेल तर तुम्ही रोज ब्रेक लावूनच फिरताय.

इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तोच टाका. पातळ ऑइल लिहिलं असताना मेकॅनिक 'जाड टाकतो, इंजिनाला चांगलं' म्हणाला तर नको म्हणा, योग्य ग्रेडमुळे १ ते २ टक्के फरक पडतो आणि नवीन इंजिनं त्याच ऑइलसाठी बनवलेली असतात. स्पार्क प्लग वेळेवर बदला, मिसफायर म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर, आणि त्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा भाग) पण खराब होतो, तो बदलायचा खर्च ऐकलात तर प्लग आजच बदलाल. व्हील अलाइनमेंट बघा, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल तर बिघडलेलं आहे.

एअर फिल्टरचं मात्र सगळीकडे जरा जास्तच सांगतात. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेज पडायचं. आताच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत कॉम्प्युटर हवा मोजून तेवढंच इंधन देतो, त्यामुळे ॲव्हरेजला फारसा धक्का लागत नाही, पिकअप मात्र जातो, आणि मग माणूस पाय जास्त दाबतो. बदला, धुळीच्या रस्त्यावर फिरत असाल तर लवकर बदला, पण फिल्टर बदलून जादू होईल ही अपेक्षा ठेवू नका.

ज्याच्यावर पैसे घालवू नका

मॅग्नेट, टाकीत टाकायच्या गोळ्या, इनटेकमध्ये बसवायचे पंखे, यातलं काही नको. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने शंभरावर अशी उपकरणं तपासली आहेत, ठळक फरक पाडणारं त्यांना काही सापडलं नाही. असा स्वस्तातला तुकडा खरंच चालत असता तर गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनी तो कारखान्यातच बसवला असता, त्यांना पाव टक्क्यासाठी सुद्धा झगडावं लागतं.

जास्त ऑक्टेनचं पेट्रोल पुस्तकात लिहिलं असेल तरच. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नाही, दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता आहे. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला त्याचा उपयोग नाही. पहाटे पेट्रोल भरलं की थंड असल्यामुळे जास्त मिळतं हेही सोडून द्या, पेट्रोल एका डिग्रीला साधारण ०.१ टक्काच फुगतं आणि पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही. वजन कमी ठेवायला टाकी अर्धीच भरणं? २० लिटर पेट्रोलचं वजन पंधरा किलो, त्यासाठी पंपावर दोन चकरा जास्त झाल्या की वाचलेलं तिथेच गेलं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल तर ॲव्हरेज थोडं पडणारच हे पण लक्षात ठेवा, इथेनॉलमध्ये तेवढ्याच लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे १० टक्के मिश्रणात तीनेक टक्के. उगाच गाडी उघडायला लावू नका.

धुराचा हिशेब वेगळा करायची गरज नाही, एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, डिझेलचा २.७ किलोच्या आसपास. लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो, मग सव्वादोन किलो कुठून येतो असं वाटतं, तर उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. जितके लिटर वाचले त्याला २.३ ने गुणा, झालं.

छोट्या फेऱ्या

सगळ्यात वाईट ॲव्हरेज मिळतं ते दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत. थंड इंजिनाला जास्त इंधन लागतं, ऑइल घट्ट असतं, आणि गाडी गरम होईपर्यंत तुम्ही पोचून ती बंद पण केलेली असते. डिझेल असेल आणि त्यात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर अजूनच, फिल्टर साफ व्हायला लागणारी उष्णता मिळत नाही, तो तुंबतो, मग साफ करायला गाडी जादा डिझेल जाळते. वेगवेगळ्या वेळी थंड गाडी काढून केलेल्या चार फेऱ्यांना, तेवढंच अंतर एका दमात गरम इंजिनाने कापण्याच्या दुप्पट इंधन लागू शकतं.

म्हणून कामं एकत्र करा, आणि करताना सगळ्यात लांबचं ठिकाण आधी घ्या. जाता जाता इंजिन पूर्ण गरम होतं, आणि मग परतीच्या वाटेवर जवळच्या दुकानांत, बँकेत पाच-दहा मिनिटं थांबलात तरी ते गरमच राहतं. उलट केलंत, म्हणजे आधी कोपऱ्यावरचं काम, मग अजून थोडं पुढे, तर प्रत्येक थांब्यानंतर अर्धवट गरम इंजिन परत सुरू होतं. आणि कोपऱ्यावरचं एकच काम असेल, सामान हातात मावणारं असेल, तर गाडीची चावी घेऊच नका.